पोटुशी लेक लंगडू लागली तर...



आपल्यापैकी अनेकींच्या लेकी लग्न होऊन मुंबईच्या उपनगरांत गेल्या आहेत. कोणाची अंधेरीला, कोणाची बोरिवलीला, कोणाची मुलुंडला, तर कोणाची घाटकोपरच्या एखाद्या चाळीत. लेकीला दिवस गेले की इकडे गावात आईचे दिवस मोजणे सुरू होते. पाचव्या महिन्यात चोरओटी, सातव्यात डोहाळजेवण, आणि मग पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे, ही आपली जुनी रीत.

नेमक्या याच सुमारास एखादीचा फोन येतो, "आई, उजव्या जांघेत दुखतंय गं. पाय टेकवला की कळ येते." आई अनुभवी असते. तिची तीन-चार बाळंतपणे झालेली असतात. ती धीर देते, "पोटुशीला असं व्हायचंच. बसून राहू नकोस, चालत राहा, म्हणजे मोकळी होशील." शेजारीण सुचवते, गरम तेलाने रगडून घे. कोणी म्हणते नस चढली असेल, कोणी म्हणते वात धरला.

हा सल्ला मायेचा आहे, आणि बहुतेक गरोदर बायकांच्या बाबतीत तो चुकीचाही नाही. गरोदरपणात कंबर भरून येते, माकडहाड दुखते, पाय वळतात. थोडे चालल्याने बरे वाटते. परंतु खुब्याचे एक दुखणे असे आहे की त्यात हाच सल्ला घातक ठरतो. त्यात जबरदस्तीने चालवले, तर मांडीचे हाड खुब्याशी मोडू शकते. उलट वेळीच ओळखले आणि त्या पायावरचा भार उतरवला, तर तेच हाड काही महिन्यांत आपोआप पहिल्यासारखे भरून येते. हे दुखणे क्वचित होणारे आहे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण क्वचित होणारे असल्यामुळेच ते लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज त्याची नीट माहिती करून घेऊ.

हे दुखणे आहे तरी काय?

आपला खुबा म्हणजे कमरेच्या हाडातील एक खोल वाटी आणि त्या वाटीत बसलेला मांडीच्या हाडाचा गोल चेंडू. चेंडूच्या खाली हाडाची एक अरुंद मान असते. उभे राहणे, चालणे, पायरी चढणे या सगळ्यांत शरीराचा भार या चेंडूवरून आणि मानेवरून खाली पायात उतरतो.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, कधी बाळंतपणानंतर लगेच, काही थोड्या स्त्रियांच्या या चेंडूतील आणि मानेतील हाड तात्पुरते विरळ होते. आतला चुना कमी होतो आणि हाडाच्या पोकळ्यांत पाणी साचते. डॉक्टर याला 'ट्रान्झियंट ऑस्टिओपोरोसिस ऑफ द हिप' म्हणतात. म्हणजे खुब्याचे हाड तात्पुरते विरळ होणे. यातला 'तात्पुरते' हा शब्द महत्त्वाचा. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात ती गोष्ट निराळी. ती सगळ्या शरीरात होते आणि सहजासहजी मागे फिरत नाही. हे दुखणे बहुधा एकाच खुब्यात होते आणि मागे फिरते.

या दुखण्याची पहिली नोंद १९५९ सालची आहे. अमेरिकेतील कर्टिस आणि किंकेड या दोन डॉक्टरांनी शेवटच्या तिमाहीतील तीन गरोदर स्त्रियांची हकीकत एका वैद्यकीय मासिकात छापली. तिघींच्याही खुब्याचे हाड विरळ झाले होते आणि पुढे ते भरून आले. त्यानंतर जगभर असे रुग्ण नोंदले गेले. पुढे असेही दिसून आले की हे दुखणे मध्यम वयाच्या पुरुषांनाही होते. मात्र तरुण स्त्रीला झाले तर त्याचा संबंध बहुतेक वेळा गरोदरपणाशीच असतो.

ते का होते, याचे पक्के उत्तर वैद्यकशास्त्राला अजून सापडलेले नाही. बाळाच्या हाडांसाठी आईच्या शरीरातून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जाते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. पण निसर्गाने त्याची सोय केली आहे. गरोदरपणात आईचे आतडे अन्नातून जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषून घेते. शिवाय ही देवाणघेवाण सगळ्याच गरोदर स्त्रियांत होते, मग एकाच खुब्याने का कुरकुरावे, हे त्यावरून उलगडत नाही. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायची: हे दुखणे लेकीच्या चुकीने होत नाही. तिने दूध प्यायले नाही, ती जिने चढली, तिने डोहाळे पुरवून घेतले नाहीत, असा दोष तिला देऊ नये.

वाफसा येईपर्यंत औत घालू नये

शेतकऱ्याला हे दुखणे समजायला अवघड नाही. अतिपावसाने एखादा तुकडा चिबड होतो. वरून जमीन दिसते तशीच, पण पाऊल टाकले की रुतते. अशा रानात कोणी बैल घालत नाही. घातलेच तर बैलाचा पाय जातो आणि जमिनीचेही वाटोळे होते. शहाणा शेतकरी पाणी निघून जाईपर्यंत थांबतो आणि वाफसा आला की औत धरतो. जमीन तीच असते. फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

पाणी साचलेल्या खुब्याचेही तसेच आहे. त्यावर भार टाकायचा नाही, आणि वाफसा येईपर्यंत थांबायचे. या दुखण्याच्या उपचाराचे सार एवढेच आहे. बाकीचे सगळे त्याच्या भोवतीचे.

साधे दुखणे कोणते आणि हे कोणते?

गरोदरपणातले नेहमीचे दुखणे बहुधा कंबरेत, पाठीमागे, माकडहाडाजवळ किंवा पुढे जघनाच्या हाडावर असते. कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला सरकते. कूस बदलताना, खाली बसून उठताना जास्त जाणवते आणि थोड्या विसाव्याने कमी होते. अशी बाई दुखले तरी चालू शकते.

खुब्याच्या या दुखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत:

पडल्याशिवाय, मार लागल्याशिवाय जांघेत दुखू लागते. कळ मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते.

काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत ते वाढत जाते.

पायावर भार दिला की कळ येते. आडवे पडले की बरे वाटते.

बाई लंगडू लागते. पुढे पुढे तो पाय टेकवणेच टाळते.

अंगात ताप नसतो.

या खुणा दिसल्या, विशेषतः लंगडणे सुरू झाले, की घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. बाळंतपणाच्या डॉक्टरला स्वतःहून सांगावे, "कंबर नाही, जांघ दुखते आणि भार दिला की दुखते." हे एक वाक्य डॉक्टरला पुष्कळ सांगून जाते.

काही खुणा मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठण्याच्या आहेत. थंडी वाजून ताप आणि त्याबरोबर खुब्यात असह्य कळ असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. एकच पाय पोटरीपासून सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ठेच लागून किंवा नुसते पाऊल वाकडे पडून अचानक जोराची कळ आली आणि पाय उचलताच येईना, तर हाड मोडले असे समजूनच चालावे. अशा बाईला उभे करून पाहू नये. आडवे ठेवूनच न्यावे.

आपल्याकडे आणखी दोन आजार ध्यानात ठेवावे लागतात. एक खुब्याचा क्षय. त्यात दुखणे हळूहळू वाढते, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन घटते. दुसरा, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे मऊ पडणे. त्यात दोन्ही मांड्या, कंबर, बरगड्या दुखतात, चाल बदकासारखी होते आणि जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. दाटीवाटीच्या चाळीत किंवा उंच इमारतीच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईला ऊन अंगावर घ्यायला मिळत नाही, तिथे हा प्रश्न जास्त. या दोन्ही आजारांवर औषध आहे, पण ते वेगळे. म्हणून अंदाजाने उपचार करण्यापेक्षा निदान करून घेणे चांगले.

तपासणीची भीती नको

"पोटात बाळ असताना फोटो कसा काढायचा?" हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. तो योग्यही आहे. एक्स-रेचे किरण पोटाच्या जवळून जातात, म्हणून डॉक्टर शक्यतो तो टाळतात. शिवाय या दुखण्यात सुरुवातीचा एक्स-रे चांगलाच दिसतो. हाड विरळ झालेले त्यात दिसायला कित्येक आठवडे जावे लागतात. "फोटो चांगला आहे, काही नाही, चाला" असे म्हणून बाईला परत पाठवले जाते ते यामुळेच.

खरे निदान होते ते एम.आर.आय. तपासणीत. तिच्यात एक्स-रेचे किरण नसतात. मोठ्या लोहचुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतले चित्र घेतले जाते. शिरेतून औषध न टोचता केलेली ही तपासणी गरोदरपणात करण्यास डॉक्टरांची हरकत नसते. यंत्रात बराच वेळ स्थिर पडावे लागते, आवाज मोठा होतो. लेकीला याची आधी कल्पना द्यावी म्हणजे ती दचकत नाही. अंगावरचे मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळे काढून ठेवावे लागते.

एम.आर.आय. ने आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळते. खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरू लागण्याचा एक आजार आहे. त्याला 'ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. सुरुवातीला दोन्ही दुखणी सारखीच वाटतात, पण तो आजार बहुधा आपोआप भरून येत नाही आणि पुढे शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला यांनी त्या आजारावर अलेंड्रोनेट नावाच्या गोळीचा उपयोग करून पाहिला आणि त्याची माहिती २००२ साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून या गोळीचे नाव खुब्याच्या रुग्णांमध्ये ऐकू येते. परंतु ती गोळी गरोदर बाईने दुसऱ्याचे ऐकून घ्यायची नाही. ती हाडात जाऊन वर्षानुवर्षे मुरून राहते. तात्पुरत्या विरळपणात काही डॉक्टर बाळंतपणानंतर अशी औषधे विचारपूर्वक देतात. पण औषधाशिवायही हे हाड भरून येते, हे विसरू नये.

उपनगरात राहणाऱ्यांना महापालिकेचे कूपर रुग्णालय विलेपार्ल्याला आहे आणि राजावाडी रुग्णालय घाटकोपरला. मोठ्या कामासाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के.ई.एम. आहे. जिथे नाव नोंदवले असेल तिथल्या डॉक्टरांकडूनच हाडांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घ्यावी. एम.आर.आय. कुठे होईल, किती दिवसांनी आणि खर्च किती, हे आधीच विचारावे. सगळे कागद, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत सांभाळावे. गावी असाल तर ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवणी करून घेता येते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास मोफत तपासणी होते. २०१६ सालापासून ही योजना सुरू आहे. त्या दिवशी दुखणे लपवू नये.

भार उतरवायचा म्हणजे काय करायचे?

सपाट जमिनीवर चालताना आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब पडतो. म्हणजे बाई ६० किलोची असेल तर खुब्यावर दीडशे ते एकशे ऐंशी किलो! हे कसे, ते पहारीवरून समजेल. दगड उचलताना पहारीचा लांब भाग आपल्या हातात असतो, म्हणून थोडे बळ पुरते. खुब्यात याच्या उलट आहे. शरीराचा भार लांबच्या टोकाला आणि त्याला तोलणारे स्नायू जवळच्या टोकाला. म्हणून स्नायूंना फार जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब खुब्यावर येतो.

याच हिशेबाने काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात, ते चूक. मात्र शेवटच्या महिन्यांत पोटामुळे तोल जातो, तेव्हा एका काठीपेक्षा चार पायांचा वॉकर किंवा दोन कुबड्या अधिक भरवशाच्या. पाय किती टेकवायचा, मुळीच टेकवायचा की नाही, हे डॉक्टर सांगतील. कुबडीवर कसे चालायचे ते दवाखान्यातच शिकून घ्यावे.

घरात पुढील गोष्टी पाळाव्यात:

संडासला उकिडवे बसू नये. कमोड नसेल तर मजबूत खुर्चीला मधे भोक पाडून सोय करता येते. सुताराचे हे तासाभराचे काम आहे.

जेवण, भाजी निवडणे, कपडे घड्या घालणे सगळे खुर्चीवर बसून करावे. खाली मांडी घालून बसणे बंद.

पाण्याचा हंडा, बादली, गॅसची टाकी, मोठे मूल, काहीही उचलू नये.

जिना चढावाच लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा धरावा आणि बरोबर माणूस असावे.

न्हाणीघरातली ओल, उंबरठा, सरकणारे पायपुसणे, रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त करावा. अशा खुब्याला एक पडणे पुरेसे असते.

झोपताना कुशीवर झोपावे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

जोराने रगडणे, पाय ओढणे, नस बसवणे हे पूर्ण बंद. हलक्या हाताने तेल लावल्याने बिघडत नाही, पण सांधा पिळू नये.

तथापि भार उतरवणे म्हणजे दिवसरात्र अंथरुणाला खिळणे नव्हे. गरोदरपणात रक्त घट्ट होण्याकडे कल असतो. एकसारखे पडून राहिल्याने पायात गुठळी होण्याची भीती वाढते. पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवावीत, खुर्चीवर बसावे, आणि डॉक्टर सांगतील तेवढी हालचाल करावी.

दुखण्यावर गोळी लागली तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. दुकानातून मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पाच महिन्यांनंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि भोवतीच्या पाण्याला बाधक ठरू शकतात. शेवटी शेवटी तर बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही.

गोळ्या आणि आहार

सरकारी दवाखान्यात गरोदर मातांना कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. २०१४ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या घ्यायच्या. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व असते. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची लाल गोळी त्याच वेळी घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषले जात नाही. मधे दोन तासांचे अंतर असावे.

आपल्या घरात कॅल्शियमची कमतरता नाही. नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, दूध, ताक, आणि खाणाऱ्यांना काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी. लेकीला मुंबईला पाठवायच्या पिशवीत नाचणीचे पीठ आणि तीळ जरूर घाला. पण खरे तेच सांगायचे तर, नुसत्या आहाराने किंवा गोळ्यांनी हा खुबा बरा होत नाही. आहार म्हणजे खत आहे. चिबड रानात खत टाकले तरी आधी पाणी निघावेच लागते.

माहेरी आणायचे की नाही?

येथे आपल्या रीतीची परीक्षा आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही प्रत्येक आईची हौस. पण ज्या लेकीचा खुबा असा झाला आहे तिला एस.टी. मध्ये बसवून घाट उतरवायचा, पुढे फाट्यावरून जीपने किंवा मोटारसायकलने गावात आणायचे, यात धोका आहे. गावात हाडांचा डॉक्टर नाही, रात्री काही झाले तर तालुक्याला जायचे, तिथून जिल्ह्याला.

म्हणून अशा वेळी माहेरच लेकीकडे न्यावे. ज्या दवाखान्यात तिचे कागद आहेत, जिथे बाळंतपणाचे आणि हाडांचे डॉक्टर दोघे आहेत, तिथेच बाळंतपण होऊ द्यावे. आईने दोन महिन्यांची सोय लावून बोरिवलीला किंवा मुलुंडला जाऊन राहावे. सुगीचे दिवस असले तर अवघड आहे, हे खरे. जनावरांचे कोण बघणार, चुलीचे कोण बघणार? पण भावकी, शेजार, मोठी सून यांनी मिळून हे निभावता येते. जावयाच्या घरी जास्त दिवस राहू नये, असा संकोच कित्येक आयांना असतो. तो या वेळी बाजूला ठेवावा. लेकीच्या पायापेक्षा तो मोठा नाही.

लेक नोकरी करत असेल तर तिला लोकलचे जिने आणि गर्दी आता नको. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गरोदरपणामुळे आजार झाल्याचा डॉक्टरचा दाखला असेल तर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मागता येते.

सासरच्या मंडळींशीही मोकळेपणाने बोलावे. या दुखण्यात बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, चेहरा टवटवीत. मग "आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यापर्यंत दळण कांडण केलं" असे बोलणे ऐकावे लागते आणि बिचारी लेक दात-ओठ खाऊन कामाला उभी राहते. डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना किंवा जावईबापूंना बरोबर घेऊन जावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की शंका राहत नाही. आणि उद्या हीच वेळ आपल्या घरच्या सुनेवर आली, तर आपणही हे आठवावे. निंदणीला वाकलेली, पाण्याला जाणारी, जांघेत कळ घेऊन गप्प राहणारी सून आपल्याही वाड्यात असू शकते.

बाळंतपण आणि त्यानंतर

खुबा दुखतो म्हणून पोट फाडूनच बाळंतपण करावे लागते असे नाही. पुष्कळ जणींचे सरळ बाळंतपण होते. फक्त पाय जोराने फाकवू नये, ओढू नये, याची काळजी घ्यावी लागते. म्हणून कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात गेल्या गेल्या नर्सबाईंना खुब्याचे सांगावे आणि कागद दाखवावा. हाड मोडलेच असेल तर मात्र शस्त्रक्रिया करून ते जोडावे लागते. ती गरोदरपणातही करता येते, आणि त्यात दिरंगाई चालत नाही.

बाळ झाल्यावर दुखणे हळूहळू उतरू लागते. पूर्ण बरे व्हायला साधारणपणे सहा महिने ते वर्ष लागते. येथे बहुतेकांची घाई होते. दुखायचे थांबले की कुबडी कोपऱ्यात जाते आणि बाळाला कडेवर घेऊन जिने सुरू होतात. दुखणे आधी थांबते, हाड मागाहून भरते. म्हणून कुबडी सोडायची ती डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच. मग हळूहळू मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम करावेत.

अंगावर पाजणे या दुखण्यासाठी सहसा थांबवावे लागत नाही. पाजण्याच्या काळात आईच्या हाडातले थोडे कॅल्शियम दुधात जाते आणि दूध तोडल्यावर ते परत भरते. बाळाला बसून किंवा कुशीवर पडून पाजावे. घेऊन फिरण्याचे काम घरातल्या इतरांनी करावे. बाळंतपणानंतर पाठीच्या कण्यात अचानक तीव्र कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मणक्याचे हाड दबण्याचा असाच एक वेगळा आजार या काळात क्वचित होतो.

पुढच्या खेपेस हे दुखणे पुन्हा होऊ शकते, कधी दुसऱ्या खुब्यातही. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले की पहिल्याच भेटीत जुने कागद डॉक्टरांसमोर ठेवावेत. ते कागद रद्दीत देऊ नका.

थोडक्यात ध्यानात ठेवा

शेवटच्या तीन महिन्यांत जांघेत कळ आणि लंगडणे एकत्र आले, तर चालवू नका, दाखवा.

पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका, एम.आर.आय. बद्दल विचारा.

औषधापेक्षा भार उतरवणे मोठे. काठी विरुद्ध हातात, उकिडवे बसणे बंद, पडणे टाळा.

रगडू नका, मनाने गोळ्या देऊ नका.

लेकीला माहेरी ओढण्यापेक्षा माहेर लेकीकडे न्या.

दुखणे थांबले तरी कुबडी लगेच टाकू नका. शेतकऱ्याला थांबायचे कसे ते कोणी शिकवावे लागत नाही. पेरल्यापासून कापणीपर्यंत आपण तेच करतो. या खुब्यालाही एका हंगामाएवढा वेळ द्या, म्हणजे हीच लेक पुढच्या वर्षी बाळाला कडेवर घेऊन बांधावरून चालत येईल.